एसी, दमा आणि खोलीतली हवा

"डॉक्टर, दमा आहे तर एसीत झोपलं तर चालेल का?" उन्हाळा सुरू झाला की हा प्रश्न मला जवळजवळ रोज ऐकायला मिळतो.

तो माझ्या घरातलाही प्रश्न आहे. माझ्या आईचं वय ७७, दमा जुना, आणि आम्ही पुण्यात राहतो. एप्रिल-मेमध्ये पारा ४०च्या घरात जातो. या वयात उष्माघाताचा धोका जास्त असतो. त्यामुळे "एसी बंदच करा" असं मी आईला सांगत नाही आणि तुम्हालाही सांगणार नाही. एसीतून हवा नीट खेळते आहे ना, हे मात्र आवर्जून बघा.

मागच्या मे महिन्यात आम्ही भाड्याच्या घरात नुकतेच राहायला आलो होतो. आईला पहाटे तीनच्या सुमारास खोकल्याची उबळ येऊ लागली. औषधं नियमित चालू होती, इन्हेलर घेण्याची पद्धतही बरोबर होती. मग मी तिच्या खोलीतल्या एसीची जाळी काढली. तिच्यावर धुळीचा थर गोधडीसारखा बसला होता. जाळी धुतली, हवेचा झोत तिच्या अंगावरून वळवला आणि आठवड्याभरात उबळ कमी झाली. श्रेय नेमकं कशाला, हे छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण दोन्ही गोष्टी फुकट होत्या.

एसी नेमकं काय करतो?

भिंतीवरचा नेहमीचा स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आत आणत नाही. खोलीतलीच हवा ओढतो, गार कॉइलवरून नेतो आणि परत सोडतो. जाळीत धूळ आणि केस अडकतात. अतिसूक्ष्म कण आणि विषाणू आरपार जातात. जाळी तुंबली की हवा कमी ओढली जाते, खोली लवकर गार होत नाही, कॉइलवर बर्फ धरू शकतो आणि पाणी गळतं. धूळ आणि ओल एकत्र आली की बुरशी वाढते. दमा किंवा ॲलर्जी असलेल्यांना ती त्रास देते.

घरी काय तपासाल?

१. एसी चालू करून झोतासमोर टिश्यू पेपरची पट्टी धरा. जाळी धुण्याआधी आणि नंतर पट्टी किती उडते, ते बघा. फरक लगेच कळतो.

२. उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी जाळी धुवा. आधी मेन स्विच बंद करा. नळाचं पाणी जाळीच्या मागच्या बाजूने सोडा, सावलीत पूर्ण वाळवा, मगच बसवा. हे काम दम्याच्या पेशंटने करू नये. करणाऱ्याने मास्क लावावा.

३. झोत छताकडे ठेवा. गार हवा आपोआप खाली येते. एसीसमोर पडदा किंवा उंच कपाट नको.

४. बाहेरच्या युनिटभोवती कुंड्या, वाळत घातलेले कपडे नकोत. कबुतरांचं घरटं असेल तर जास्त जपा. त्यांच्या विष्ठेतून आणि पिसांतून उडणाऱ्या धुळीने काहींच्या फुप्फुसांना गंभीर सूज येते. ती सुकी झाडू नका.

५. जाळी धुऊनही कुबट वास येत असेल तर कॉइल आणि पाण्याची नळी मेकॅनिककडून साफ करून घ्या.

ताजी हवा कुठून येणार?

ती खिडकीतूनच येणार. बंद खोलीत रात्रभर दोघं झोपले की कार्बन डायऑक्साइड वाढतो, सकाळी डोकं जड होतं. घरात कुणाला फ्लू किंवा क्षयरोग असेल तर कोंडलेल्या हवेत संसर्गाचा धोका वाढतो. म्हणून झोपण्याआधी आणि सकाळी खिडक्या उघडा, रात्री दार किंचित किलकिलं ठेवा. आमच्याकडे एसी २६ अंशांवर आणि पंखा मंद, एवढ्यावर भागतं.

जाळी धुतली म्हणून इन्हेलर मात्र बंद करू नका. रात्री खोकल्याने जाग येत असेल, छातीत घरघर होत असेल तर डॉक्टरांना भेटा. बोलताना वाक्य पूर्ण करता येत नसेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर सकाळची वाट न पाहता लगेच हॉस्पिटल गाठा.