पुढून सुटलेली पोरगी

“बाई, तुमची पोरगी तर सगळ्यांच्या पुढून सुटली होती, तरी हरली?” त्या दिवशी हे मला चहाच्या टपरीवर ऐकवलं गेलं, दुसऱ्या शाळेच्या बाईंनी ऐकवलं आणि शेवटी तिच्या वडिलांनीही ऐकवलं. वडिलांनी तर मान खाली घालून, पोरीनं घराण्याचं नाव घालवल्यासारखं. गोष्ट आता जुनी झाली. तरी आठवली की माझं डोकं फिरतं.

तालुक्याच्या शालेय स्पर्धा होत्या. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य ही चढण सगळ्यांना ठाऊकच आहे. मी शिकवते गणित. आमचे क्रीडाशिक्षक निवृत्त झाले, जागा भरली नाही, आणि मुलींसोबत कुणीतरी बाई हवी म्हणून दरवर्षी माझी वर्णी लागते. निवृत्त झालेले सर मात्र हौसेनं संध्याकाळी मैदानावर यायचे. त्यांचं ऐकून ऐकून मलाही थोडं कळायला लागलं होतं. हात खांद्यातून हलवायचे, कोपरं काटकोनात, मुठी आवळायच्या नाहीत. वळणावर सगळं अंग किंचित आत कललं पाहिजे, नुसती मान नव्हे. मागं कोण आलं ते बघायचं नाही. फिनिशच्या रेघेवर थांबायचं नाही, तिच्या पलीकडे पाच-सहा मीटरवर शर्यत संपते असं समजून पळायचं. आणि रेघेवर मोजतात ते धड; पुढं केलेला हात किंवा डोकं मोजत नाहीत. स्टार्टिंग ब्लॉक आमच्या शाळेनं फोटोतच पाहिलेला. त्यामुळे टाचेनं मातीत दोन खळगे करायचे, जोरकस पाय पुढच्या खळग्यात, आणि ‘सेट’ म्हटलं की कंबर खांद्यांच्या जरा वर.

हे सगळं त्या पोरीला पाठ होतं. सतरा वर्षांखालील गटात 200 मीटर ही तिची शर्यत. उंच, लांब टांगांची. हीटमध्ये तिला दुसरी लेन आली, ती आरामात पहिली. फायनलला चिठ्ठ्या टाकल्या आणि सहावी लेन निघाली. आम्हाला आनंदच झाला. कारण असं की ते मैदान 200 मीटरचं. पूर्ण 400 मीटरच्या ट्रॅकवर आतली त्रिज्या 36.50 मीटर असते. इथं दोन्ही सरळ पट्ट्या 40-40 मीटरच्या, म्हणजे वळणाची त्रिज्या जेमतेम 19. इतक्या आवळ वळणावर उंच पोरीला टांग उघडायलाच मिळत नाही. सहाव्या लेनमध्ये त्रिज्या सहा मीटरनं वाढते. बाहेरची लेन तिला मानवणार होती.

शर्यत सुटली. पाठीमागच्या सरळ पट्टीत आली तेव्हा ती सगळ्यांच्या स्पष्ट पुढं होती. मी ओरडत होते. दुसरं वळण लागलं आणि आतल्या पोरी एकेक करून तिच्या बरोबरीला येऊ लागल्या. तिचा वेग कमी झालेला नव्हता. हात तसेच चालू होते, खांदे वर आले नव्हते, तोंड वाकडं झालं नव्हतं. तरी शेवटच्या पट्टीत ती तिसरी होती आणि तिसरीच राहिली. जिल्ह्याला जाणार पहिल्या दोघी. शेजारचे एक सर म्हणाले, “दम नाही. खुराक कमी पडतो या पोरींना.”

दम संपलेलं माणूस कसं पळतं ते मला चांगलं माहीत आहे. तिचं तसं काही झालं नव्हतं. ती मला म्हणाली, “बाई, मी पळतच होते.” एवढंच.

जेवणाच्या सुट्टीत लांब उडीच्या खड्ड्याजवळची टेप घेतली, दोन मुलींना टोकं धरायला लावली आणि मोजलं. लेनची रुंदी 1.22 मीटर, अगदी चोख. पहिल्या लेनची फेरी 200, तीही चोख. चार खुंट्या आणि सुतळी लावून ज्यानं हे आखलं त्याचा हात कौतुकाचा होता; फक्कीची रेघ कुठं जाड नाही, कुठं तुटलेली नाही. सहाव्या लेनला किती पुढं उभं केलं होतं? 18.85 मीटर. सेंटिमीटरचासुद्धा फरक नाही.

आणि तिथंच घात होता.

बाहेरच्या लेनला पुढं उभं करतात ते तिच्यावर उपकार म्हणून नव्हे. वळणावर बाहेरच्या लेनला मोठं वर्तुळ पळावं लागतं, तेवढं अंतर आधीच वळतं करून देतात. 400 मीटरच्या ट्रॅकवर 200 मीटरच्या शर्यतीत एकच वळण येतं, म्हणून तिथं सहाव्या लेनला 18.85 मीटर देतात. इथं 200 मीटर म्हणजे पूर्ण फेरी. वळणं दोन. त्यातून दगडाची किंवा लोखंडाची कड नसलेल्या, नुसत्या रेघेच्या ट्रॅकवर प्रत्येक लेन आतल्या रेघेपासून 20 सेंटिमीटरवर मोजायची असते. म्हणजे प्रत्येक लेनला फेरीमागं दोन पाय गुणिले 1.22, साधारण 7.67 मीटर. सहावीला त्याच्या पाचपट, 38 मीटरहून जास्त. मिळाले 18.85. आमची पोरगी 200 मीटरच्या शर्यतीत साडेएकोणीस मीटर जास्त पळाली होती. पहिलं वळण संपलं तिथंच तिला दिलेलं अंतर संपलं. दुसरं अख्खं वळण तिनं पदरचं पळून काढलं. दुसरी आलेली मुलगी पहिल्या लेनमधली, ती बरोब्बर 200 पळाली. तिच्यात आणि आमचीत शेवटी अंतर होतं जेमतेम चार-पाच मीटर. पहिली आलेली तिसऱ्या लेनमधली, ती 208 पळून जिंकली. तिचं मला आजही कौतुक आहे. पण आमची तिच्याहूनही साडेअकरा मीटर जास्त पळाली होती, आणि त्या दोघींत फिनिशला एवढं अंतर नव्हतं.

कागदावर आकडे मांडून मी मुख्य पंचांकडे गेले. त्यांच्याकडे एक झेरॉक्स होती. दुसरी लेन 3.52, तिसरी 7.35, चौथी 11.19, पाचवी 15.02, सहावी 18.85. तक्ता खरा होता, 400 मीटरच्या ट्रॅकचा.

“बाई, हे पुस्तकातलं आहे.”

“सर, पुस्तक मोठ्या ट्रॅकचं आहे. आपलं मैदान निम्मं आहे.”

“बरोबर. मैदान निम्मं, मग पुढं देणंही कमीच येणार ना? उलट आम्ही पूर्ण दिलंय.”

त्या मंडपात बसलेल्या प्रत्येकाला हे पटलं. ऐकायला पटण्यासारखंच आहे. मी सांगत राहिले की पूर्ण फेरीत त्रिज्या कटते, मैदान 200 चं असो नाहीतर 400 चं, लेनची रुंदी तीच असेल तर फेरीमागचा फरक तोच राहतो. एक जण म्हणाले, “पळायला माणसाचे पाय लागतात बाई, तुमचा बावीस सप्तमांशवाला नाही.” सगळे हसले. मीही हसले असते, दुसऱ्या कुठल्या दिवशी. मी म्हटलं, चला, टेप लावू, दहा मिनिटांचं काम आहे. पंच म्हणाले वेळ नाही, अजून रिले व्हायच्या आहेत. आणि हरकत घ्यायची तर निकाल जाहीर झाल्यापासून 30 मिनिटांत, लेखी, फी भरून. तुमची वेळ टळली.

तो नियम खरा आहे. नंतर मी वाचला. पण ज्या नियमावलीतला अर्ध्या तासाचा नियम मंडपात सगळ्यांना तोंडपाठ होता, त्याच नियमावलीत ट्रॅक कसा मोजायचा तेही लिहिलेलं आहे. ते पान कुणी उघडलं नव्हतं. मुदत पाळायची आम्ही, आणि मोजायचं मात्र कुणीच नाही.

त्या पंचांना मी दोष देत नाही. पहाटेच्या अंधारात दोन पोरं हाताशी घेऊन त्यांनी अख्खं मैदान आखलं होतं. त्यांना कुणी शिकवलंय? प्रशिक्षणं होतात, त्यात भाषणं होतात, चहा होतो.

आता माझं मत. तालुक्याला सिंथेटिक ट्रॅक हवा अशी मागणी दर निवडणुकीला होते. हवाच. पुण्यात बालेवाडीला 1994 च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी संकुल उभं राहिलं, तसलं काही आपल्या पोरांना रोज पायाखाली मिळावं असं कुणाला वाटणार नाही? पण तो येईपर्यंत 50 मीटरची एक स्टीलची टेप घ्या. सुतळी ताणते, कापडी टेप वापरून वापरून सैल पडते. आणि तीन ओळी भिंतीवर लिहून ठेवा. लेन 1.22 मीटरची असेल तर एका पूर्ण फेरीला लेनमागं 7.67. एकच वळण असेल तर निम्मं, दोन फेऱ्या असतील तर दुप्पट. लेन एक मीटरचीच आखली असेल तर 7.67 च्या जागी 6.28. झालं. याला क्रीडा पदविका लागत नाही, नववीचं गणित पुरतं.

मला एक तर्क सुचतो, पटला तर बघा. आपल्या खेड्यांतून देशभर नाव काढलेले धावपटू बघितले तर सावरपाड्याची कविता राऊत 10,000 मीटरची, मोहीची ललिता बाबर 3000 मीटर स्टीपलचेसची, 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीपर्यंत गेलेली, आणि बीडच्या मांडव्याचा अविनाश साबळेही स्टीपलचेसचाच. सगळे लांब पल्ल्याचे. त्यांच्या कष्टाला तोड नाही. पण लांब पल्ल्याची तयारी रस्त्यावर, घाटात, माळावर होऊ शकते, आणि त्या शर्यतीत शेवटपर्यंत आपापली लेन धरून पळायचं नसतं. 200 आणि 400 ला मोजलेलं मैदान लागतं. न मोजलेल्या मैदानावर किती पोरी तिसऱ्या येऊन घरी गेल्या असतील, त्यांची नोंद कुठं असणार?

पुढं एका वर्षी पंच कमी पडले म्हणून आखणीवर मलाच नेमलं. मी हक्कानं 7.67 लावले. सहाव्या लेनची मुलगी 38 मीटर पुढं जाऊन उभी राहिली आणि मैदानात गलका झाला. एक पालक तावातावानं आले: “हे काय चाललंय? हिला एवढं पुढं? कुणाची पोरगी आहे ही?” त्यांनी लेखी हरकत घेतली, फीसुद्धा भरली. मी टेपचं एक टोक त्यांच्या हातात दिलं आणि सहाही लेन त्यांच्यासमोर मोजल्या. अर्धा तास गेला. पुढच्या सगळ्या शर्यती लांबल्या, उन्हात पोरं ताटकळली, आणि संयोजकांची बोलणी मी खाल्ली. ते पालक शेवटपर्यंत पटलं नाही असंच म्हणत गेले. पंचांचं डोकं किती ठिकाणी पिकतं हे मला त्या दिवशी कळलं. पण म्हणून त्या आधीच्या पंचांवरचा माझा राग गेला असं मात्र नाही. वर मी दोष देत नाही म्हटलंय, ते आखणीपुरतं. चूक कुणाचीही होते. टेप समोर असताना वेळ नाही म्हणणं, ती चूक नव्हे.

पोरगी आता 1500 पळते. मी खूप समजावलं, 200 सोडू नकोस, तुझी चण त्याचीच आहे. ती म्हणाली, “बाई, 1500 ला बरं असतं. सुटायला एकच रेघ असते, सगळ्या तिथूनच सुटतात.” तिथंही ती वाईट पळत नाही, मागं जिल्ह्याला जाऊन आली. सगळे म्हणतात, बघा, झालं ते बऱ्यासाठीच. मला पटत नाही. तिचा वेग 200 चा होता आणि तो वाया गेला, असं मी तिच्या वडिलांनाही सांगितलं. त्यांनी विचारलं, मग आता काय करायचं? याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, तरी मी अर्धा तास बोलत राहिले.