आपला पैलवान, परका पैलवान

वळसंग, ता. दक्षिण सोलापूर
गड्ड्याची यात्रा संपल्यानंतरचा रविवार

चि. सुमित,


तुझ्या कॉलेजातल्या त्या पैलवानाविरुद्ध एका खेळाडू मुलीने तक्रार दिली, आणि दुसऱ्याच दिवशी तू मोबाइलवर त्याचा खांद्यावर गदा घेतलेला फोटो लावलास. खाली लिहिलंस की सगळी तालीम भावाच्या पाठीशी आहे. मी फोनवर विचारलं तर म्हणालास, "आत्या, तो तसला पोरगा नाही, मला माहीत आहे." हे बोलणं फोनवर उरकण्यासारखं नाही, म्हणून पत्र लिहिते आहे.

आधी एक स्पष्ट करते. मी त्या मुलाला दोषी म्हणत नाही. काय घडलं ते मला ठाऊक नाही. पण सुमित, तुलाही ठाऊक नाही. ज्या संध्याकाळबद्दल तक्रार आहे, त्या संध्याकाळी तू यात्रेसाठी इथे आला होतास, आमच्या ओसरीवर कडक भाकरी आणि शेंगाचटणी खात होतास. मग "मला माहीत आहे" हे तू कशाच्या जोरावर म्हणालास? तो तुझ्यासोबत पहाटे जोर मारतो, तुला डाव शिकवतो, स्पर्धेला निघताना तुझी बॅग उचलतो. त्यावरून तो तुझ्याशी कसा वागतो एवढंच कळतं. तिच्याशी कसा वागला, हे त्यातून कसं कळणार?

आपल्या घरात कुस्ती तुझ्या आजोबांपासून आहे. त्यांनी मला लहानपणी यात्रांमधले फड दाखवले. हलगी कडाडायला लागली की आजही माझे पाय थांबतात. त्यामुळे पैलवानांवरच्या मायेबद्दल तू मला सांगायला नको. त्या मायेचं पुढे काय होतं, ते गेल्या काही वर्षांत आपल्या जिल्ह्याने फार जवळून पाहिलं आहे, आणि मला त्याच्याबद्दल लिहायचं आहे.

जानेवारी २०२३ आठव. पुण्यात कोथरूडला महाराष्ट्र केसरी चालू होती. माती विभागात मोहोळचा सिकंदर शेख आणि मंगळवेढा तालुक्यातल्या शिरसीचा महेंद्र गायकवाड समोरासमोर आले. दोघेही सोलापूरचे, दोघेही आपले. महेंद्रच्या बाहेरील टांगेला पंचांनी चार गुण दिले आणि राज्यभर गदारोळ उठला. सिकंदर धोकादायक स्थितीत पडला की नाही, यावर तू आणि तुझे मित्र तोच व्हिडिओ थांबवून थांबवून बघत होता. पंचाला फोनवरून धमकी आली आणि प्रकरण पोलिसांपर्यंत गेलं. हे सगळं चार गुणांसाठी.

ती कुस्ती १४ जानेवारीची. त्या दिवशी समारोपाला भारतीय कुस्ती महासंघाचे तेव्हाचे अध्यक्ष बृजभूषण शरण सिंह पुण्यात हजर होते. चारच दिवसांनी, १८ जानेवारीला, विनेश फोगाट, साक्षी मलिक आणि बजरंग पुनिया दिल्लीत जंतरमंतरवर बसले आणि त्याच अध्यक्षांवर महिला पैलवानांच्या लैंगिक छळाचा आरोप झाला. एकाच आठवड्यातल्या या दोन गोष्टी. आपल्या भागात त्या आठवड्यात कुठल्या गोष्टीवर बोलणं चाललं होतं, ते तूच आठवून बघ. चार गुणांचा अन्याय सगळ्यांना दिसला. दिल्लीच्या थंडीत बसलेल्या मुलींबद्दल मात्र जो तो एकच विचारत होता, इतकी वर्षं गप्प का बसल्या?

त्या प्रश्नाचं उत्तर तुझ्यासारख्या खेळाडूला तर सहज यायला हवं. शिबिरात कोणाला घ्यायचं, परदेशी कोणाला पाठवायचं, बंदी कोणावर घालायची, हे ज्याच्या हातात आहे त्याच्याविरुद्ध तोंड उघडणं म्हणजे अख्खी कारकीर्द पणाला लावणं. नुसता गुन्हा दाखल होण्यासाठी त्यांना एप्रिलमध्ये पुन्हा धरणं धरावं लागलं आणि सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं. २८ एप्रिल २०२३ ला गुन्हे नोंदले गेले. बरोबर महिन्याने, २८ मे रोजी, त्याच पैलवानांना दिल्लीच्या रस्त्यावरून फरफटत नेताना देशाने पाहिलं. डिसेंबरात महासंघाची निवडणूक झाली, बृजभूषण यांचे निकटवर्ती संजय सिंह निवडून आले आणि समर्थकांनी "दबदबा तो है, दबदबा तो रहेगा" असे फलक मिरवले. साक्षीने पत्रकारांसमोर आपले कुस्तीचे बूट टेबलावर ठेवले आणि खेळ सोडला. ऑलिंपिकचं पदक जिंकलेली मुलगी ती. ते बूट बघून मला रडू आलं होतं, हे तुला सांगायला मला संकोच वाटत नाही.

बृजभूषण आरोप नाकारतात. त्यांच्याविरुद्धच्या एका अल्पवयीन मुलीच्या तक्रारीचं प्रकरण मे २०२५ मध्ये न्यायालयाने पोलिसांचा अहवाल स्वीकारून बंद केलं. प्रौढ पैलवानांच्या तक्रारींवर मात्र मे २०२४ मध्येच न्यायालयाने आरोप निश्चित केले आहेत. निकाल न्यायालय देईल. पण फलक मिरवणारे निकालाची वाट बघत थांबले होते का?

आता सुशीलकुमारकडे ये. ऑलिंपिकची दोन पदकं, २०१० चं जागतिक अजिंक्यपद. त्याच्याकडे बघून आपल्याकडची किती पोरं मातीतून गादीवर गेली. ४ मे २०२१ च्या रात्री दिल्लीच्या छत्रसाल स्टेडियममध्ये सागर धनखड या तेवीस वर्षांच्या पैलवानाला बेदम मारहाण झाली आणि तो वारला. सागर त्याच स्टेडियममध्ये तयार झालेला. मारहाणीचा आरोप सुशीलवर आला, तो फरार झाला, पोलिसांनी त्याच्यावर एक लाखाचं बक्षीस लावलं आणि २३ मे रोजी त्याला अटक झाली. तेव्हा आपल्याकडे एकाच्याही तोंडी "आधी सिद्ध होऊ द्या" हे वाक्य आलं नाही. का? तर २०१६ मध्ये रिओसाठी त्याने आपल्या नरसिंग यादवशी चाचणीचा वाद घातला होता, उच्च न्यायालयापर्यंत गेला होता. तीन वेळचा महाराष्ट्र केसरी नरसिंग हा आपला, म्हणून सुशील परका. परका अडकला तेव्हा आपण पहिल्याच दिवशी निकाल देऊन मोकळे झालो.

आणि ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस पंजाब पोलिसांनी सिकंदरला बेकायदा शस्त्रांच्या प्रकरणात पकडलं तेव्हा? मोहोळपासून वळसंगपर्यंत सगळ्यांनी त्याच संध्याकाळी ठरवलं की पोराला गोवलं आहे. त्याला पुढे जामीन मिळाला. आरोप सिद्ध झालेला नाही, आणि होईपर्यंत तो निर्दोषच. मी त्याच्यावर बोट ठेवत नाही, माझं म्हणणं आपल्याबद्दल आहे. दोन्ही वेळा कागदपत्र कोणी पाहिले नव्हते. आपण पैलवानाचं गाव पाहिलं आणि निकाल दिला.

आरोप सोड, डोळ्यांदेखत घडलं तरी आपण असेच वागतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरीत पैलवान शिवराज राक्षेने पंचाची कॉलर धरली, लाथ मारली. सगळ्या महाराष्ट्राने ते पाहिलं. त्याचे दोन्ही खांदे टेकले होते की नाही हा वाद खरा आहे, त्याची दाद मागायलाच हवी होती. पण पंचाला लाथ बसली हे तर वादातलं नाही. राज्य कुस्तीगीर संघाने त्याला तीन वर्षांसाठी निलंबित केलं, अंतिम कुस्ती अर्धवट सोडून गेलेल्या महेंद्रलाही केलं. लोक काय म्हणाले? एका माजी महाराष्ट्र केसरीने तर पंचाला गोळ्या घालायला हव्या होत्या इथपर्यंत बोलून दाखवलं आणि त्यावर टाळ्या पडल्या. ज्याला लाथ बसली तो माणूस बाजूला राहिला, ज्याने मारली त्याचं दुःख मोठं झालं. तुझ्या तालमीत आज हेच चाललं आहे.

तू म्हणशील, आत्या, कायदाच सांगतो ना, सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोष. बरोबर सांगतो. मीही तेच मानते. पण तो नियम शिक्षा देणाऱ्यासाठी आहे: पुरावा नसताना कोणाला तुरुंगात टाकू नका. त्या मुलीला खोटारडी म्हणायची परवानगी त्यातून मिळत नाही. ती खोटं बोलते आहे, पैशासाठी करते आहे, प्रसिद्धीसाठी करते आहे, हासुद्धा एक आरोपच आहे, सुमित. तिच्यावरचा आरोप. त्याचा पुरावा तुझ्या ग्रुपवर कोणी मागितला? त्याला निर्दोष धरायचं असेल तर तिलाही खरी धरून चौकशी पुरी होऊ द्यावी लागेल. दोन्ही एकाच वेळी धरता येतं. अवघड आहे, पण येतं.

आरोप झालेली माणसं सुटतातही, हे मी विसरलेली नाही. नेपाळचा क्रिकेटपटू संदीप लामिछाने याला काठमांडूच्या जिल्हा न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये बलात्काराच्या खटल्यात आठ वर्षांची शिक्षा दिली आणि मे महिन्यात उच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडलं. न्यायालयाचं मत पुरावा तपासून बदललं. त्याच्या चाहत्यांचं मत मात्र तक्रार झाल्यापासून शेवटपर्यंत तेच होतं. त्यांना पुराव्याची गरजच वाटली नाही. चाहते असे दुसरीकडेही वागतात. अमेरिकेत कॉलेजचे खेळ म्हणजे केवढं प्रस्थ. तिथे पेन स्टेट विद्यापीठाच्या माजी फुटबॉल प्रशिक्षकावर लहान मुलांच्या लैंगिक शोषणाचे आरोप झाले, आणि नोव्हेंबर २०११ मध्ये त्या प्रकरणापायी मुख्य प्रशिक्षकाला काढलं तेव्हा हजारो विद्यार्थी रस्त्यावर उतरले. त्यांनी वृत्तवाहिनीची गाडी उलथून टाकली. मुलांसाठी नव्हे, प्रशिक्षकासाठी. शिकलेली पोरं होती ती, तुझ्याच वयाची.

या गर्दीचा परिणाम न्यायावर होतो, म्हणून मी इतकी कळकळीने लिहिते आहे. सुशीलला मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने जामीन दिला होता. सागरच्या वडिलांनी दाद मागितली आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. तो बाहेर असताना साक्षीदार फिरले, ही बाब न्यायालयाने विचारात घेतली. मोठ्या नावाच्या माणसापुढे साक्षीदार का फिरतो? त्याला दिसत असतं की सगळा आखाडा एका बाजूला उभा आहे. तुझ्या कॉलेजातही त्या दिवशी कोणीतरी काहीतरी पाहिलं असेल. त्याच्या बाजूचं असेल, तिच्या बाजूचं असेल. "सगळी तालीम भावाच्या पाठीशी" हे वाचल्यावर तो पोरगा किंवा ती पोरगी बोलायला पुढे येईल का, सांग मला.

आणि त्या मुलीचा विचार कर. तिलाही पहाटे त्याच मैदानावर यायचं आहे. तिच्याही घरी कोणीतरी दूध-बदामाचा खर्च काढला असेल, मुलीला खेळायला पाठवते म्हणून भावकीची बोलणी खाल्ली असतील. आपल्या वळसंग-अक्कलकोट भागात एक मुलगी कॉलेजच्या संघापर्यंत पोचायला घरात किती भांडावं लागतं, ते मी शाळेत शिकवत असताना वर्षानुवर्षं पाहिलं आहे. तिने तक्रार दिली आणि ती खेळातून उठली, तर पुढच्या दहा मुलींच्या आया दारातच "नको" म्हणतील.

कॉलेजात अंतर्गत तक्रार समिती असते. २०१३ च्या कायद्याने आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमांनी ती बंधनकारक आहे. नव्वद दिवसांत चौकशी पुरी करायची असते, दोन्ही बाजू ऐकायच्या असतात, आणि तक्रार करणारीचं नाव बाहेर फुटू द्यायचं नसतं. तुमच्या ग्रुपवर तिचा फोटो फिरतो आहे असं तूच बोलण्याच्या ओघात म्हणालास. तो फोटो पुढे पाठवणं ही मजा नव्हे, मर्दुमकी तर नव्हेच. बलात्काराच्या तक्रारीत पीडितेची ओळख उघड करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तुमच्याकडची तक्रार त्या स्वरूपाची असो-नसो, पोरीचा फोटो असा फिरवायचा नसतो, हे तुला कायद्याने शिकवायची वेळ येऊ नये.

तुझ्या मित्राला सोडून दे असं मी म्हणत नाही. त्याच्याकडे जा, जेवला का विचार, चांगला वकील बघून दे, समितीपुढे खरं काय ते सांग म्हणावं. मैत्री एवढी करायलाच हवी. तो निर्दोष असेल तर चौकशीनेच त्याच्यावरचा डाग जाईल. तुमच्या फोटोंनी तो जाणार नाही, उलट लोक म्हणतील की दांडगाईने सुटला.

तेव्हा हे पत्र वाचून झालं की तो फोटो आणि खालचं वाक्य काढून टाक. त्या मुलीचा फोटो तुझ्या मोबाइलमधून पुसून टाक आणि ज्याने पाठवला त्यालाही पुसायला सांग. समितीने साक्षीला बोलावलं तर जे डोळ्यांनी पाहिलंस तेवढंच सांग, त्यात मित्र म्हणून काही घालू नकोस आणि काही गाळूही नकोस. वस्ताद रागावले तर त्यांना माझं नाव सांग, मी येऊन बोलेन त्यांच्याशी.

तुझी,
आत्या