येळवस! आणि आम्हाला पत्ताच नाही

भज्जी! आधी तेवढं लिहून टाकतो, कारण ती खाल्ल्यापासून भेटेल त्याला मी हेच सांगत सुटलोय. कांदाभजी डोळ्यांसमोर आणू नका. तुरीचे ओले दाणे, हरभऱ्याचे सोलाणे, वाटाणा, पावटा, गाजर, वांगं, मेथी, कांद्याची पात, जे जे त्या आठवड्यात रानात असेल ते सगळं एका मोठ्या पातेल्यात शिजतं. मग चिंचेचा कोळ, कालवलेलं बेसन आणि लसूण-हिरव्या मिरचीचा सढळ ठेचा. सोबत बाजरीचे वाफवलेले उंडे. उंडा कुस्करायचा, वर गरम भज्जी ओतायची आणि बोलणं बंद.

मी चिंचवडचा. नोकरी चाकणला. आमच्या लाइनवर निम्मी पोरं लातूर, धाराशिव, सोलापूरकडची. डिसेंबर संपत आला की त्यांचे रजेचे अर्ज येतात, सुपरवायझरच्या कपाळाला आठ्या पडतात आणि संध्याकाळी वल्लभनगरच्या एसटी स्टँडवर औसा, निलंगा, उदगीरच्या गाड्यांना ही गर्दी! हे सगळं दरवर्षी बघत होतो, पण कशासाठी ते कधी विचारलंच नव्हतं. ती असते मार्गशीर्ष अमावस्या. पंचांगवाले तिला वेळ अमावस्या म्हणतात, तिकडची माणसं म्हणतात येळवस.

काय सण आहे हो! रब्बीचं रान हिरवंगार उभं, ज्वारी डोक्याएवढी. शेतात कडब्याची कोप करायची. आत पाच दगड चुन्याने रंगवून मांडायचे, ते पांडव. त्यांची आणि काळ्या आईची पूजा. नैवेद्याला भज्जी, उंडे, गव्हाची खीर, तिळाच्या आणि शेंगदाण्याच्या पोळ्या. ज्वारीच्या पिठाची ताकात आंबवलेली आंबील मातीच्या बिंदग्यात भरून डोक्यावरून रानात न्यायची, पिकावर शिंपडायची, मग प्यायची. लातूर जिल्ह्यात त्या दिवशी स्थानिक सुट्टी असते आणि शहरातले रस्ते कर्फ्यू लागल्यासारखे ओस पडतात. शेजारच्या बिदर-कलबुर्गीतही हाच सण. आणि खरी गंमत पुढे आहे. ज्याला शेत नाही त्याला शेतवाल्याचं आमंत्रण असतं. बांधावरून जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून जेवायला बसवतात!

२०२४ साली ही अमावस्या ३० डिसेंबरला आली, वार सोमवार. इथे चिखलीत राहणाऱ्या माझ्या एका सहकाऱ्याला रजा मिळाली नव्हती, सेकंड शिफ्ट होती. मग येळवसच चिखलीत आली. त्याच्या आईने आदल्या दिवशी मोशीच्या बाजारातून तुरीच्या शेंगा, हरभऱ्याचे डहाळे, पावटा असं पिशव्या भरभरून आणलेलं. बाल्कनीत तुळशीच्या कुंडीशेजारी चुना लावलेले पाच खडे, त्यांच्यामागे कोप म्हणून ज्वारीची चार ताटं सुतळीने बांधून उभी केलेली. ती ताटं कुठून पैदा केली कोण जाणे! समोर गॅलरी-गॅलरीत वाळत घातलेले कंपन्यांचे निळे-करडे शर्ट. त्याच्या आईने आंबील पळीने कुंडीभोवती शिंपडली, थोडी खालच्या गुलमोहराच्या दिशेनेही उडवली.

मी दुसऱ्यांदा नको म्हणालो तर त्याची आई म्हणाली, "घ्या की ओ दादा, येळवशीला पोट मोजून खायचं नसतंय!" पातेलं रिकामं होईपर्यंत जिन्यावरून येणारा-जाणारा कुणीच सुटला नाही. गॅसचं सिलिंडर द्यायला आलेला पोरगाही बसून जेवला.

घरी येऊन मी अक्षरशः झपाटल्यासारखा बाकीच्या देशांतल्या अशा सुगीच्या, आभाराच्या सणांचं वाचत सुटलो. अमेरिकेचं थँक्सगिव्हिंग सगळ्यांना ठाऊक आहे. नोव्हेंबरचा चौथा गुरुवार, १९४१च्या कायद्याने पक्का केलेला. टर्की, क्रॅनबेरीची चटणी, भोपळ्याचा पाय. पण १६२१च्या ज्या जेवणाचा वारसा ते सांगतात, त्याला हजर असलेल्या माणसाच्या पत्रात पाखरं आहेत, वाम्पानोआग लोकांनी आणलेली पाच हरणं आहेत, टर्कीचं नाव मात्र नाही! कॅनडात हाच सण ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी, म्हणजे तिकडची थंडी पडायच्या आत. जर्मनीत साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी चर्चच्या वेदीपुढे धान्य, भोपळे, सफरचंदं मांडतात. जपानमध्ये २३ नोव्हेंबरला सुट्टी. १९४८च्या कायद्यात तिचं नाव कामगारांचे आभार मानायचा दिवस असं पडलं, पण मुळात ती नव्या तांदळाच्या नैवेद्याची तिथी.

आणि कोरियाचा छुसक! नव्या तांदळाची उकड, आत तीळ आणि मध, हाताने दुमडून अर्धचंद्र करायचा आणि पाइनच्या सुयांवर वाफवायचा. सोंगप्योन म्हणतात त्याला. अहो, ही तर हळदीच्या पानावर वाफवलेली आपली उकडीची करंजीच की! तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना ह्युंदाईने घेतला, चाकणला फोक्सवॅगन आहे, ब्रिजस्टोन आहे. म्हणजे कोरिया, जर्मनी, जपान हे तिन्ही आभाराचे सण ज्यांच्या घरचे, त्यांच्या कंपन्या एका तासाच्या अंतरावर, आणि आम्ही खंडेनवमीला मशीनला झेंडू वाहून, पेढे वाटून मोकळे. आमच्या खेड-मावळात भादवी पोळ्याला बैलाला पुरणपोळी मिळते, ते झकासच. पण पिकालाच जेवू घालायचं, हे मी चिखलीतच पहिल्यांदा पाहिलं.

टर्की मी खाल्लेली नाही, तरी निकाल देतो. येळवस सगळ्यांवर भारी. अमेरिकेत ताट आधी ठरतं आणि जिन्नस दुकानातून येतात. भज्जीत काय पडणार ते रान ठरवतं. पाऊस बरा झाला तर पातेलं भरगच्च, नाही तर पातळ. त्या वर्षीचा सगळा हिशेब वाटीतच दिसतो.

तेव्हा एचआरवाल्यांनो, ऐच्छिक सुट्ट्यांच्या यादीत मार्गशीर्ष अमावस्या घाला, निदान त्या दिवशी शिफ्ट बदलून द्या. कॅन्टीनवाल्यांनो, एक दिवस भज्जी करून बघा, आणि बेसन बेताने घाला, नाही तर पिठलं होईल. बाकीच्यांनी आपल्या मजल्यावर लातूर-धाराशिवचं कोण राहतं ते आत्ताच विचारून ठेवा. आमंत्रणाची वाट बघू नका, त्या दिवशी नुसतं दारावरून जा.