राखून ठेवलेला शब्द

मिनेसोटातल्या आमच्या लुथरन मंडळीत पहिली सात वर्षं मी उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, भस्म बुधवारी, कपाळ पुढे केलं नाही. बाकीचे रांगेने वेदीकडे जात, पाळकबाई अंगठ्याने एकेकाच्या कपाळावर राखेचा क्रूस काढत, आणि मी बाकावर हात बांधून बसून राही. कुणी कधी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर तयार होतं. ते माझ्या आजोबांचं होतं.

आजोबा नगरचे, मिशनच्या शाळेत मास्तर. अमेरिकन मराठी मिशनने 1831 मध्ये नगरला काम सुरू केलं, ते काँग्रिगेशनल पंथाचं. त्या पंथाच्या प्युरिटन पूर्वजांना नाताळसुद्धा मान्य नव्हता, मग चाळीस दिवसांचा उपवासकाळ कुठून असणार! आमच्या घराला याहून जवळचं कारण होतं. पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा नवस, उपासतापास, अंगारा सगळं मागे ठेवलं. भावकीने तोंड फिरवलं, ते त्यांनी सोसलं. पुढे 1970 साली नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, अँग्लिकन मंडळ्याही त्यात आल्या, आणि उपवासकाळाची रीत आमच्याकडेही हळूहळू रुजली. आजोबा म्हणत, "दारातून घालवलेला अंगारा खिडकीतून आत आला." ते वाक्य घेऊनच मी अमेरिकेत आलो.

इथे तर आणखी एक प्रथा पाहिली. उपवासकाळाआधीच्या शेवटच्या रविवारी, रूपांतराच्या रविवारी, मुलं 'हालेलुया' लिहिलेली कापडी पताका पेटीत घालून झाकण लावतात. तिथून पुनरुत्थानाच्या सणापर्यंत तो शब्द गाण्यात नाही, प्रार्थनेत नाही. मला हे पटत नसे. देवाची स्तुती कॅलेंडर बघून बंद करायची? मनात असेल तर म्हणावी, नसेल तर बाराही महिने म्हणू नये. उपासनेच्या समितीत मी हे बोललोही, आणि जरा जोरातच बोललो.

तीन वर्षांपूर्वी मंडळीत दरवर्षी राख करणारे म्हातारे गृहस्थ आजारी पडले आणि ते काम माझ्याकडे आलं. आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी लोकांनी हातात धरलेल्या झावळ्याच जाळायच्या असतात. वर्षभर त्या कुणाच्या तसबिरीमागे, कुणाच्या बायबलमध्ये सुकत पडलेल्या असतात. मग एकेक करून परत येतात. चर्चच्या मागे बर्फात पत्र्याची बादली ठेवून मी त्या पेटवल्या. खूप धूर झाला, आणि एवढ्या झावळ्यांची राख निघाली मूठभर. ती चहाच्या गाळणीतून चाळायची, मग थेंबभर तेलात कालवायची. पाण्यात कालवली तर क्षार सुटून कातडी भाजते, हे पाळकबाईंनी बजावून सांगितलं होतं.

चाळताना एक गोष्ट ध्यानात आली. या झावळ्या धरणाऱ्यांपैकी तिघांना आम्ही त्या वर्षात मूठमाती दिली होती. त्यांच्या झावळ्या त्यांच्या घरच्यांनी आणून दिल्या होत्या. आता त्या कुठल्या हे सांगता आलं नसतं; सगळ्यांची मिळून एकच राख झाली होती.

अंगारा लावणाऱ्या आईची माया मला कळते. लेकराला काही होऊ नये म्हणून ती तो लावते. या वाटीतली राख कशापासूनच वाचवत नव्हती. ती मागून घेतलेली नव्हती, कुणी नवसाची दिलेली नव्हती. आपण मातीचे आहोत, मातीला मिळणार आहोत, एवढंच ती सांगत होती. ज्या गोष्टीला सात वर्षं मी अंगारा म्हणत आलो, ती मी नीट पाहिलीच नव्हती. त्या संध्याकाळी मी रांगेत उभा राहिलो.

त्या वर्षी बुधवारची सूपंही चुकवली नाहीत. उपवासकाळात दर बुधवारी लोक घरून सूप आणतात, ब्रेडबरोबर ते सगळ्यांनी खायचं आणि मग संध्याकाळची प्रार्थना. मी मसुराचं नेई. अशाच एका बुधवारी पाळकबाईंनी 1522 सालची गोष्ट सांगितली. लूथर वार्टबुर्गच्या गढीत लपून असताना विटेनबर्गमध्ये सुधारणेच्या नावाखाली जबरदस्ती सुरू झाली होती. तो परतला आणि उपवासकाळाच्या पहिल्या रविवारपासून सलग आठ दिवस त्याने प्रवचनं दिली. मांस खायची मोकळीक आहे, हे त्याने मान्य केलं. पण ती मोकळीक कुणावर लादू नका, असंही बजावलं. मला ते लागलं. उपवासाने पुण्य मिळत नाही हे आजोबांचं म्हणणं मी आजही धरून आहे, आणि लूथरचंही तेच म्हणणं होतं. पण 'पाळू नका' याचाही मी नियमच करून ठेवला होता आणि पाळणाऱ्यांना मनातून खालचं समजत होतो. याची मला लाज वाटते.

आणि आजोबा? ते पहाटे पाचला गुडघे टेकत. थंडी असो, ताप असो, मन लागो न लागो. मनात येईल तेव्हा प्रार्थना करू, असं ते एक दिवसही म्हणाले नाहीत. त्यांचा शब्द मी पाठ केला, त्यांचं पाच वाजताचं उठणं मात्र सोडून दिलं.

झाकून ठेवलेल्या शब्दाने त्या वर्षी मला खूप काही दाखवलं. शुभवर्तमान वाचण्याआधी जीभ सवयीने त्या शब्दाकडे जाई आणि अडखळे. दर रविवारी अडखळे. एरवी तो किती वेळा मी नुसता तोंडाने म्हणत आलो होतो, ते त्या अडखळण्यात कळे. उत्तम शुक्रवारी वेदी उघडी, मेणबत्त्या नाहीत. लोक न बोलता घरी गेले. मला तो शब्द तेव्हा हवासा झाला, भूक लागावी तसा.

यंदा पुनरुत्थानाच्या सणाच्या आदल्या शनिवारी रात्री साडेआठला आम्ही चर्चच्या अंगणात शेकोटीभोवती उभे होतो. तिच्यावरून पुनरुत्थानाची मोठी मेणबत्ती पेटवायची, ती अंधाऱ्या चर्चमध्ये न्यायची, मग उत्पत्तीपासून एकेक वाचन, आणि तेव्हा कुठे ती पेटी उघडणार. तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. नगरला रविवारची सकाळ होती, सात वाजले होते. ताई पहाटेच्या उपासनेहून नुकतीच घरी आली होती. तिने लिहिलं होतं : प्रभू उठला आहे, हालेलुया!

मी उत्तर लिहायला घेतलं. 'खरोखर उठला आहे' एवढं लिहून झालं आणि पुढच्या शब्दापाशी बोट थांबलं. आमच्याकडे त्याला अजून तासभर होता. फोन तसाच खिशात ठेवला आणि मेणबत्तीमागून आत गेलो.