उसनवार

माझ्या घरी प्रथमच येणारा पाहुणा बाहेरच्या खोलीतल्या टेबलाकडे पाहतो आणि हटकून दोन प्रश्न विचारतो. पहिला, "हे अजून चालतं?" दुसरा, "केवढ्याला पडलं?" दोन्ही प्रश्न रास्तच आहेत. परंतु वर्षा-दोन वर्षांतून एखादा असा भेटतो, की जो त्या यंत्राभोवती घुटमळतो, कळांवरून हळूच बोट फिरवतो आणि चाचरत विचारतो, "चार दिवस घरी नेऊ का?" या तिसऱ्या प्रश्नाच्या माणसाला आमच्या घरी दुसरा चहा मिळतो.

टेबलावर असतो तो एक म्हातारा संगणक. त्याचे नाव बीबीसी मायक्रो. पिवळट पडलेली पेटी, तिच्यातच काळ्या कळा, आणि वरच्या बाजूला कुंकवाची बोटे उमटावीत तशी दहा तांबड्या कळांची रांग. इंग्लंडातल्या बीबीसीने लोकांना संगणक शिकवण्यासाठी दूरचित्रवाणीवर मालिका करायची ठरवली, आणि त्या मालिकेच्या जोडीला यंत्र हवे म्हणून केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने १९८१ साली हे घडवले. सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी सोबत्यांच्या मदतीने त्याचा पहिला नमुना आठवड्याच्या आत उभा केला, हे वाचल्यापासून प्रकाशकाला "अजून महिनाभर लागेल" असे सांगताना माझी जीभ अडखळते. याच मंडळींनी पुढे आर्म नावाचा प्रोसेसर काढला, आणि आज बहुतेक फोनांच्या पोटात त्याचाच वंश नांदतो आहे. म्हणजे तुमच्या खिशातल्या फोनचा हा आजोबाच म्हणा ना! आजोबांची स्मरणशक्ती मात्र बत्तीस किलोबाइट. तुम्ही सहज काढलेला तीन मेगाबाइटचा एक फोटो ठेवायचा झाला, तर असे शंभरएक आजोबा ओळीने बसवावे लागतील.

टेबलावर आज आहे ते माझे दुसरे यंत्र. सांगायचे आहे ते पहिल्याविषयी.

१९८४ साली केंद्र सरकारने शाळांतून संगणक शिकवण्याचा 'क्लास' नावाचा प्रकल्प सुरू केला. पहिल्या खेपेला देशातल्या सुमारे अडीचशे शाळा घेतल्या आणि त्यांना बीबीसी मायक्रो दिले. पुढे मोहालीच्या सरकारी कारखान्यातून याच यंत्राची भारतीय आवृत्ती 'युनिकॉर्न' नावाने निघाली. मी शिकत होतो त्या शाळेतही असे एक यंत्र होते. होते म्हणायचे ते एवढ्यासाठी, की त्याची खोली होती, खोलीला कुलूप होते, आणि कुलपाची किल्ली हेडमास्तरांच्या जानव्याला नसली तरी तितकीच सोवळी होती. सव्वीस जानेवारीला पाहुणे आले की खोली उघडायची. आम्ही पोरे वहाणा बाहेर काढून, हात मागे बांधून, दारातून दर्शन घ्यायचो. यंत्रावर मखमली आच्छादन असे. ते काढल्याचे मी कधी पाहिले नाही. दहावी झालो, जुन्या भाषेत मॅट्रिक झालो, पुस्तकी शिक्षण तिथेच सोडले, चित्रकलेचा कोर्स केला आणि दुसऱ्या गावी चित्रकलेचा मास्तर झालो. ते यंत्र बिघडेल या धास्तीने कोणी वापरले नाही आणि अखेर न वापरता बिघडले.

बारा वर्षांपूर्वी एका भंगारवाल्याच्या काट्यावर तसलेच एक यंत्र मला दिसले. पाठीवर पांढऱ्या रंगात डेडस्टॉकचा नंबर. कुठल्याशा शाळेने निर्लेखन करून, म्हणजे रजिस्टरात त्याचा मृत्यू नोंदवून, ते मोडीत काढले होते. पत्रा आणि प्लॅस्टिक वेगळे करण्यासाठी भंगारवाल्याने हातोडी उचललीच होती. चार किलोच्या आतबाहेरचे ते ओझे मी किलोच्या भावाने विकत घेतले.

घरी आणल्यावर पहिला मोह होतो तो बटण दाबण्याचा. अप्पांनी हात धरला नसता तर मीही दाबले असते. अप्पा म्हणजे आमच्या गावचे रेडिओ-टीव्हीचे जुने मेकॅनिक. आता पंचाहत्तरीकडे झुकलेले. संगणक त्यांनी जन्मात उघडला नव्हता. पण झाकण काढून त्यांनी वीज येते त्या डबीकडे बोट दाखवले आणि म्हणाले, "मास्तर, हा कंडेन्सर बघा. अंगावर भेगा आहेत. आत कागद असतो. भेगांतून पावसाळा आत गेलाय. तुम्ही बटण दाबलं की हा फुटणार." जगभरचे हौशी लोक याच कंडेन्सरच्या धुराने पोळलेले आहेत, हे मला पुढे कळले, अप्पांना ते नुसत्या भेगा पाहून कळले होते. तसले दोन कंडेन्सर आम्ही बदलले. पुण्याच्या तपकीर गल्लीतून प्लॅस्टिकच्या पापुद्र्याचे नवे आणले, जुन्या बाजारातून हिरव्या अक्षरांचा छोटा मॉनिटर आणला. कळा काढून परातीत साबणाच्या पाण्याने धुतल्या आणि सुपात घालून गच्चीवर वाळवल्या. शेजारच्या काकूंनी "कसले सांडगे?" म्हणून विचारले.

मग एका संध्याकाळी बटण दाबले. आधी एक जाड, लांबट आवाज आला आणि लगेच एक बारीक 'पिप'. जाड आवाज म्हणजे वीज पोचली, बारीक म्हणजे यंत्र जागे झाले. पडद्यावर दोन-तीन ओळी उमटल्या आणि त्यांच्याखाली एक छोटा बाण लुकलुकणाऱ्या रेघेशेजारी येऊन उभा राहिला. बस्स! जाहिरात नाही, चित्रे नाहीत, 'हे पाहा, ते घ्या' नाही. पुढे काय ते तुम्ही सांगायचे. आज्ञेची वाट पाहत असे आदबीने उभे राहणारे यंत्र मी त्याआधी पाहिले नव्हते.

यंत्राला देवनागरी येत नाही. पण त्याला नवे अक्षर शिकवता येते, आणि चित्रकलेच्या मास्तराला हे कळल्यावर झोप कशी यावी? एक अक्षर म्हणजे आठ ओळी, आठ उभे रकाने. चौसष्ट घरांची ठिपक्यांची रांगोळीच. कुठले घर भरायचे, कुठले मोकळे ठेवायचे, एवढेच ठरवायचे. डावीकडून घरांना किंमती दिलेल्या आहेत: १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २, १. एका ओळीत भरलेल्या घरांची बेरीज करायची. अशा आठ ओळींच्या आठ बेरजा 'व्हीडीयू २३' या आज्ञेपुढे लिहिल्या की अक्षर तयार. सगळी घरे भरली की बेरीज २५५. म्हणजे आपली शिरोरेषा ही यंत्राच्या हिशेबी नुसती २५५ आहे! मी वर्गात चौकटीच्या वह्या वाटल्या आणि पोरांना अक्षरे भरायला लावली. 'र' सगळ्यांना जमला. 'ठ' सुरेख बसतो. 'ळ' हट्टी आहे. 'श्री'ला एक घर पुरत नाही, शेजारचे मागून घ्यावे लागते. गणिताच्या तासाला डुलक्या काढणारी मुले बेरजा करीत बसली, आणि गणिताच्या सरांनी त्याबद्दल माझ्याशी दोन दिवस अबोला धरला.

या नादात माझ्यासारखेच पाच-सहाजण भेटले. एकाकडे डेसिबेल्स कंपनीने १९८६ साली परवाना घेऊन आपल्या देशात काढलेला स्पेक्ट्रम आहे. त्याच्या कळांखालचा पापुद्रा कडक होऊन तुटतो आणि मग निम्मी बाराखडी मुकी होते. आमच्यात एक रिवाज पडला. ज्याच्याकडे जे यंत्र, ते मागेल त्याला न्यायला द्यायचे. अनामत नाही, भाडे नाही. अट एकच: आठवड्यातून एकदा तरी चालू करायचे.

अप्पांना हा रिवाज बिलकूल मान्य नव्हता. "यंत्र म्हणजे काय छत्री आहे, द्यायला? यातल्या दोन-तीन आयसी आता जगात कुठं बनत नाहीत. गेली की गेली."

"अप्पा, बैल गोठ्यात बांधून ठेवला तर?"

"बैलाला गवत घातलं की भागतं. याला सुटे भाग कोण घालणार?"

अप्पांच्या म्हणण्यात तथ्य नव्हते असे नाही. जुन्या यंत्रांचे पुष्कळ संग्राहक अप्पांच्याच पंथाचे आहेत, आणि त्यांच्यामुळेच काही नमुने धडके उरले. पण मला एक गोष्ट विसरता येत नाही. १०८६ साली इंग्लंडच्या राजाने देशातल्या जमीनजुमल्याची पाहणी करून एक ग्रंथ करविला. त्याला डूम्सडे म्हणतात. त्याला नऊशे वर्षे झाली म्हणून १९८६ साली बीबीसीने नवी पाहणी केली. दहा लाखांवर लोकांनी, त्यांत शाळांतल्या असंख्य पोरांनी, आपापल्या गावाची माहिती लिहून पाठवली, आणि ती सगळी मोठ्या चकचकीत तबकड्यांवर साठवली. तबकड्या वाचायला लागे तो माझ्या यंत्राचाच धाकटा भाऊ, बीबीसी मास्टर, आणि एक खास तबकडीवादक. किंमत अशी, की बहुतेक शाळांना तो घेता येईना. पंधरा वर्षे लोटली नाहीत तोच चालू स्थितीतले वादक शोधावे लागू लागले. तज्ज्ञांनी खटपट करून ती माहिती पुढे वाचवली हे खरे. पण मेंढीच्या कातड्यावरचा नऊशे वर्षांचा जुना ग्रंथ तोवर खुशाल वाचता येत होता! कातडे श्रेष्ठ, असे मला म्हणायचे नाही. ज्या पोरांनी लिहिले त्यांच्या हाती ते यंत्र पडलेच नाही, हे मला बोचते.

उलट दुसरे उदाहरण हार्वेलच्या यंत्राचे. १९५१ सालचे, अडीच टन वजनाचे. अणुसंशोधनाच्या कामातून निवृत्त झाल्यावर १९५७ साली त्याला भंगारात धाडले नाही. जे कॉलेज त्याचा उत्तम उपयोग करील त्याला ते बक्षीस, अशी स्पर्धा लावली. वुल्व्हरहॅम्प्टनच्या कॉलेजाने ते जिंकले आणि १९७३ पर्यंत त्यावर विद्यार्थी शिकवले. पुढे ते अडगळीत पडले खरे, पण २०१२ साली ब्लेचली पार्कच्या संग्रहालयात हौशी लोकांनी ते पुन्हा सुरू केले.

कोणी म्हणतात, हे सगळे खेळ फोनवर नकली बीबीसी उतरवून करता येतात. येतात, मीही करतो. पण फोनवर ते करताना तासाला चार निरोप येतात, आणि कळेखालची स्प्रिंग बोटाला काही बोलत नाही.

तर, तिसरा प्रश्न विचारणाऱ्यांत आमच्या शाळेची एक आठवीतली मुलगी होती. वडील एस.टी.त कंडक्टर. 'ळ' नीट बसवणारी वर्गात ती एकटी. मी यंत्र, मॉनिटर आणि एक टेपरेकॉर्डर तिच्या घरी पोचवला. अप्पा आठ दिवस आमच्याकडे फिरकले नाहीत. महिन्याभराने तिने बोलावले म्हणून गेलो. तिने वडिलांसाठी तिकिटाचा प्रोग्रॅम लिहिला होता. एस.टी.चा टप्पा सहा किलोमीटरचा. अंतर घातले की टप्पे किती आणि पैसे किती ते पडद्यावर येई. आणि ते मराठीत! 'टप्पा' या शब्दातला 'प्पा' चौसष्ट घरांत बसवायला तिला चार दिवस लागले होते. वडील कौतुकाने म्हणाले, "सर, माझ्यापेक्षा हळू आहे, पण हिशेब चुकत नाही." प्रोग्रॅम कॅसेटवर साठवला होता, टेप लावली की तो किंचाळत यंत्रात शिरायचा आणि आई आतून ओरडायची.

पुढच्या उन्हाळ्यात तिच्या वडिलांची विदर्भात बदली झाली. सामान रातोरात ट्रकमध्ये भरले गेले. चार दिवसांनी फोन आला, "सर, मशीन आमच्याबरोबरच आलंय. कसं पाठवू?" मी म्हटले, "पाठवू नकोस. आठवड्यातून एकदा चालू कर." अप्पांना हे सांगितले तेव्हा ते काही बोलले नाहीत, नुसते कपाळाला हात लावून उठून गेले. माझ्या टेबलावर दोन वर्षे यंत्राच्या आकाराची स्वच्छ जागा राहिली. घेऊन गेलेला माणूस परत येईल या आशेवर मोकळी ठेवलेली खुर्ची असते, तशी. मग दुसरे यंत्र मिळाले आणि अप्पाही पुन्हा सोल्डरची डबी घेऊन येऊ लागले.

गेल्या श्रावणात अप्पा चहा घेत बसले असताना तिचा फोन आला. आवाज बारावीतला, मोठा झालेला. "सर, चालू केलं की जाड आवाज येतो आणि येतच राहतो. बारीक येत नाही."

मी तोंड उघडण्यापूर्वी अप्पांनी हात पुढे केला. मी फोन दिला.

"हे बघ बाळ, आधी बटण बंद कर. पिन भिंतीतून काढ. काढलीस? आता नळाला हात लाव. लोखंडी आहे ना नळ? हां. हात कोरडा कर. यंत्राला चार स्क्रू आहेत, मागं दोन, पोटाखाली दोन. बाजूला इंग्रजीत फिक्स लिहिलंय. ते काढ." मध्ये बराच वेळ गेला. पलीकडे कोंबडा आरवला, कोणीतरी भांडी आपटली. "दिसल्या आयसी? थंडी-उन्हानं त्या जागेवरून उचलतात. एकेक अंगठ्यानं हलके दाब. कुरकुर वाजली तर घाबरू नको."

पहिल्या खेपेला जाड आवाजच आला. अप्पांनी पुन्हा पिन काढायला लावली आणि मोठ्या आयसी दोन्ही टोकांना दाबायला सांगितल्या. दुसऱ्या खेपेला आम्हा दोघांनाही तो 'पिप' ऐकू आला.

अप्पांनी फोन मला परत दिला नाही. ते तिला विचारत होते, "तो तिकिटाचा प्रोग्रॅम आहे का गं अजून कॅसेटवर? चढव बरं. आणि मला एकेक ओळ वाचून दाखव, सावकाश. इथल्या यंत्रावर घालून बघतो." कादंबरीसाठी ठेवलेली माझी कोरी वही त्यांनी पुढे ओढली आणि माझ्याकडे न पाहता पेनासाठी बोटे हलवली.