टेबलाच्या पोटाखाली

आमच्या घरात एक टेबल आहे, आणि त्यावर आम्ही जेवत नाही. जेवण जमिनीवर, दस्तरखानवर. टेबल अठरा इंच उंच. जेवायला अडचणीचं, लिहायला बुटकं. त्यावर तपासायच्या वह्या, अब्बांचा चष्मा आणि ईदला शीरखुर्म्याच्या वाट्या.

गेल्या ईदला आमचा भाचा पुण्याहून आला. इंटिरिअरचा कोर्स करतो. टेबलाखाली डोकं घालून ओरडला, "मामू, ये तो डॅनिश मॉडर्न है!" आम्ही उर्दू शाळेतले मास्तर. बी.एड.ला फर्निचरचा पेपर नव्हता. आम्ही म्हणालो, "डेन्मार्कचं नाही रे, मिरजेचं आहे."

पण पोरगं खोटं बोलत नव्हतं. १९९८ साली एका आर्किटेक्टनं अब्बांना परदेशी मासिकातलं पान आणून दिलं होतं. सागवानी टेबल, गोल तासलेले, खाली निमुळते होत गेलेले चार पाय, मधे वेताच्या जाळीचा कप्पा. कोरीवकाम नाही, खिळा दिसत नाही. अब्बा म्हणाले, यात लपवायला जागाच नाही. नक्षी असली की चूक नक्षीत जिरते. इथं सांधा केसभर उघडला तरी दिसणार. मशिदीसाठी एकाच फळीतून बिनखिळ्याची, बिनबिजागरीची रेहल काढणाऱ्या माणसाला ते पटकन समजलं. त्यांनी आधी एक टेबल हात बसावा म्हणून केलं, ते आमच्याकडं राहिलं. दुसरं बंगल्यात गेलं.

पुढं त्या बंगल्याच्या हॉलचा फोटो एका मासिकात आला. खाली आर्किटेक्टचं नाव, मालकाचं नाव, पडदे कुठल्या दुकानातले तेही. अम्मीनं ते आम्हाला तीनदा वाचायला लावलं. कुठंतरी बारीक अक्षरात असेल, तिला वाटत होतं.

भाच्यानं नंतर पुस्तक आणून दिलं. कोपनहेगनच्या अकादमीत १९२४ पासून फर्निचर शिकवणारे कॉरे क्लिंट माणसाच्या शरीराची आणि घरातल्या वस्तूंची मापं घेऊन मग कपाटं-खुर्च्या आखायचे. हान्स वेग्नर हा चपला-बूट शिवणाऱ्याचा मुलगा, कोवळ्या वयातच सुताराच्या हाताखाली राहिला. सागवान तर त्या देशात उगवतच नाही; थायलंडसारख्या मुलखातून जहाजानं जायचं. आणि १९२७ ते १९६६ कोपनहेगनचे सुतार दरवर्षी स्वतःचं प्रदर्शन भरवत. हे सगळं आम्ही मजेनं वाचत होतो. एका फोटोपाशी मात्र थांबलो. फर्निचरच्या पोटाखाली, लाकडात डागलेला शिक्का: कारागीर नील्स व्होडर, कोपनहेगन. त्याच शिक्क्यात, आराखडा फिन यूल यांचा. दोन्ही नावं, शेजारी शेजारी.

आमच्या मिरजेत हे नवलाचं नाही. इथले सतारमेकर तंबोऱ्यावर आपलं नाव लावतात, गवई ते नाव विचारून येतात. पण तंबोऱ्याचा मान वेगळा, टेबलाचा वेगळा. अब्बांनी चाळीस वर्षांत किती दारं, किती पाळणे, किती जनाजे केले. नाव कशावरच नाही. आम्हाला त्यांनी रंध्याला हात लावू दिला नाही. मास्तर हो, म्हणाले. झालो. आता आठवीच्या पोरांना कार्यानुभवाच्या तासाला पुठ्ठ्याचं घर करायला लावतो, आणि पुठ्ठासुद्धा आम्हाला सरळ कापता येत नाही.

परवा जुम्म्याच्या दुपारी भाच्यानं आणि आम्ही टेबल चादरीवर उलटं केलं. मार्कर अब्बांच्या हातात दिला. हात आता थरथरतो. म्हटलं, "अब्बा, नाम लिखो. उर्दूत लिहा, मराठीत लिहा."

अब्बांनी मार्करचं टोपण काढलं, परत लावलं.

"नाम कायकू? पाय हिल्या तो लोकां घर पूछते आतें."

मग चारही पाय एकेक करून हलवून बघितले. तिसऱ्यापाशी जरा जास्त वेळ थांबले, आणि भाच्याला म्हणाले, आतल्या खोलीतून पटाशी आण.