सामायिक दप्तर

‘दप्तर’ हा शब्द आजच्या मुलांना शाळेच्या पिशवीपुरताच ठाऊक आहे. आमच्या आजोबांच्या पिढीत दप्तर म्हणजे घराण्याच्या कागदांचे रुमाल. जाड कापडात बांधून ट्रंकेच्या तळाशी ठेवलेले हे रुमाल परक्यांच्याच काय, पण भाऊबंदांच्याही दृष्टीस सहसा पडत नसत. या लपवाछपवीला कारण होते. आपल्या बेळगाव-धारवाड मुलखात इंग्रजांनी 1843 पासून इनामांची चौकशी आरंभिली आणि 1852 च्या कायद्याने इनाम कमिशनला मोठे अधिकार दिले. सनद दाखविता न आल्यामुळे अनेकांची इनामे गेली. कागद सांभाळणे म्हणजे जमीन सांभाळणे, हे तेव्हापासून घरोघरी मनावर ठसले. इतिहासाचार्य राजवाडे दप्तरांच्या शोधात गावोगाव हिंडले आणि 1898 मध्ये त्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला. पण कागद दाखविण्यास नाखूष असलेले मालक आणि कागदांवर पोसलेली वाळवी या दोहोंशी त्यांना झगडावे लागले.

आमच्या येळ्ळूरच्या घरीही अशी एक ट्रंक आहे. तिच्यात तीन लिप्या एकत्र नांदतात. सर्वांत जुने कागद मोडीत आहेत. 1956 च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी, बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात असतानाचे कागद बाळबोध मराठीत आहेत आणि त्यानंतरचे उतारे कन्नडमध्ये. सीमाभागातील आपल्या पिढ्यांचा इतिहास ज्याला पाहायचा असेल त्याने अशी एखादी ट्रंक उघडावी. मात्र ती उघडणारी मुले आता पुण्याला, बेंगळुरूला, कोणी जर्मनीत. म्हणून काही वर्षांपूर्वी दिवाळीत सारे जमले असता आमच्या पुण्याच्या पुतण्याने त्या कागदांची छायाचित्रे घेऊन ती गूगल ड्राइव्हवर एका फोल्डरमध्ये ठेविली आणि चारही घरांना ते फोल्डर खुले करून दिले. 2012 मध्ये सुरू झालेल्या या सोयीचा उपयोग आम्हाला तेव्हा प्रथम कळला.

आम्ही महसूल खात्यात नोकरी केली. तेथील रेकॉर्ड रूमचा नियम असा की मूळ कागद खोलीबाहेर जाऊ द्यायचा नाही. मागणाऱ्यास नक्कल द्यायची. नक्कल घरी नेणाऱ्याने ती फाडली तरी मूळ कागद शाबूत राहतो. सामायिक फोल्डरचा प्रकार याहून निराळा आहे. तेथे कोणालाही नक्कल मिळत नाही. कागद एकच असतो आणि तो ठेवणाऱ्याच्या खात्यात असतो. इतरांना मिळते ती त्या कागदाकडे पाहण्याची खिडकी. कोणाला नुसते वाचता येते, कोणाला शेरा लिहिता येतो, तर कोणाला फेरफारही करता येतो. पण ही सारी वहिवाट झाली, मालकी नव्हे. पाहणाऱ्याने आपली प्रत वेगळी उतरवून घेतली नसेल, तर मालकाने कागद काढला की सर्वांच्या खिडक्या एकदम अंधारतात.

आमच्याकडे नेमके हेच घडले. एके दिवशी बेंगळुरूच्या भाचीने फोन करून विचारले, “मामा, आपलं फोल्डर रिकामं का दिसतंय?” चौकशी करता कळले की पुतण्याच्या खात्यात फुकट मिळणारी 15 जीबी जागा भरत आली होती. टपाल, छायाचित्रे आणि फायली या सर्वांना मिळून ती एकच जागा. त्याने जड फायली निवडून काढून टाकल्या. “काका, मी माझ्याच खात्यातलं काढलं, तुमच्याकडे असेलच ना!” असे तो म्हणाला. त्याचे बोलणे प्रामाणिक होते. विहीर ज्याच्या रानात आहे त्याने ती बुजविली, आणि पाणी भरणाऱ्यांच्या घागरी आपोआप भरलेल्या राहतील असे मानले, इतकेच. काढलेली फाईल तेथील कचरापेटीत 30 दिवस राहते. तो विसावा दिवस होता, म्हणून दप्तर परत मिळाले.

मूळ कागद ट्रंकेत होतेच, मग एवढी धास्ती कशाची, असे कोणी विचारील. धास्ती कागदांहून त्यांवर झालेल्या कामाची होती. मोडी शिकलेल्या भाचीने चार वर्षांत एकेका कागदाचे वाचन करून त्याच फोल्डरमध्ये लिहून ठेविले होते, आणि तशी दुसरी प्रत कोठेही नव्हती. तिने लावलेल्या कागदांत एक करार आहे. चार भावांची विहीर एक. मोटेची पाळी कोणाची कोणत्या दिवशी, गाळ काढण्याचा खर्च कोणी किती सोसावा, आणि चौघांच्या संमतीवाचून कोणी विहिरीस हात लावू नये, हे सारे त्यात साक्षीनिशी लिहिले आहे. सख्ख्या भावांना एकमेकांवर विश्वास नव्हता म्हणून त्यांनी हे लिहिले, असे आम्हास वाटत नाही. विश्वास पुढच्या पिढीतही टिकावा, म्हणून लिहिले.

मग आम्हीही तसेच केले. दप्तरासाठी घराच्या नावे स्वतंत्र खाते उघडले आणि त्याची किल्ली दोघांकडे ठेविली. फेरफाराचा अधिकार दोघांना, वाचनाचा सर्वांना. ‘लिंक असलेल्या कोणालाही’ ही वाट बंद केली. उंबऱ्यावर किल्ली ठेवून गावाला जाण्यासारखीच ती वाट. वर्षातून एकदा सर्व फायलींची प्रत दोन घरांतील हार्ड डिस्कवर उतरवायची, हेही ठरले. दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते काढून टाकण्याचे धोरण गूगलने 2023 मध्ये जाहीर केले आहे. तेव्हा खातेदारामागे ती माहिती कोणाच्या हाती जावी, याची नोंद त्याच खात्यात आधी करून ठेवता येते, तीही केली. आमच्या वयाच्या वाचकांनी याकडे विशेष लक्ष द्यावे. मृत्युपत्रात शेत लिहितो, घर लिहितो. पण पासवर्ड मात्र आपल्याबरोबरच जातो.

लपविलेले दप्तर वाळवीने खाल्ले, हे राजवाड्यांच्या काळी दिसले. मोकळे केलेले दप्तरही धनी ठरविला नाही तर एका बोटाने पुसले जाते, हे आपल्या काळी दिसते आहे. कागद सर्वांना दाखवावेत, याबद्दल आता आमच्या मनात शंका नाही. दाखविण्यापूर्वी पाळी कोणाची आणि गाळ कोणी काढायचा, एवढे चार ओळींत लिहून सर्वांच्या सह्या घ्याव्यात. आमच्या चार घरांच्या सह्यांचा तो कागद आता ट्रंकेत, विहिरीच्या करारावरच ठेवला आहे.